राखीव मुले

पावसाळा सरू लागला की महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या फलकांवर एक यादी लागते. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा तोंडावर आलेल्या असतात. कबड्डीच्या संघात बारा जणांची नावे द्यायची असतात, मैदानात सात उतरायचे असतात. खो-खोलाही बारा नावे, खेळणारे नऊ. उरलेल्या पाच किंवा तीन नावांच्या वर एक रेघ ओढलेली असते आणि रेघेखाली एकच शब्द लिहिलेला असतो : राखीव. शाळेत हजार विद्यार्थी असले, तर मुलांचे व मुलींचे सगळे खेळ मिळून रेघेच्या वर असणाऱ्यांची संख्या पन्नासावर क्वचितच जाते. आणि त्यातही तीच ती चपळ मुले दोन-तीन यादींत असतात. रेघेखाली दहावीस जण असतात. उरलेल्या साडेनऊशे मुलांचे नाव कोणत्याच यादीत नसते.

रेघेखालच्या मुलासाठी शब्दांची मात्र वाण नाही. तो राखीव असतो, बदली असतो, बारावा गडी असतो. सामन्याच्या मध्यंतरात तो पाणी घेऊन धावतो म्हणून पाणक्या असतो. मैदानावर फक्की मारायची, साहित्याची पिशवी उचलायची, कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणायचा ही कामे त्याची. एखाद्या शाळेने ‘ब’ संघ उतरवलाच, तर तो ‘लिंबूटिंबूंचा संघ’ ठरतो आणि त्यात खेळणारी मुले ‘भरतीची’ म्हटली जातात. हे सारे हसतखेळत चालते, त्यात वाईट हेतू कोणाचा नसतो, असे सांगितले जाते. हेतू नसेलही. परंतु जी भाषा कोणाच्याही हेतूवाचून एकसारखी सगळीकडे बोलली जाते, ती एखाद्या व्यवस्थेची भाषा असते. त्या व्यवस्थेत कोणाला काय मिळते आणि कोणाला काय नाकारले जाते, ते या शब्दांवरून कळते.

‘बदली’ हा शब्द घ्या. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बदली कामगार पाळी सुरू होण्याच्या वेळी गिरणीच्या दाराशी येऊन उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, तर त्या दिवसापुरते काम त्याला मिळायचे. नाहीतर तो परत घरी. काम त्याला येत असे, पण काम त्याचे नसे. १९८२ च्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, ती याच अनिश्चिततेच्या विरुद्ध. शाळेच्या मैदानावर हाच शब्द बारा वर्षांच्या मुलाला लावला जातो, तेव्हा त्याचा अर्थ फारसा बदलत नाही. दुसऱ्याचा पाय मुरगळला, तरच त्याला खेळ.

‘राखीव’ या शब्दाची कहाणी याहून बोलकी आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या शब्दाला दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत. राखीव जागा म्हणजे शतकानुशतके दाराबाहेर ठेवलेल्या समाजासाठी कायद्याने राखून ठेवलेली जागा. ती दुसऱ्या कोणाला बळकावता येत नाही. राखीव खेळाडूच्या बाबतीत माणूस राखून ठेवलेला असतो आणि जागा मात्र त्याच्या नावावर नसते. मार्क्सने बेकारांच्या समूहाला राखीव फौज म्हटले ते या दुसऱ्या अर्थाने. दाराशी उभा असलेला बेकार हा कामावर असलेल्याला धाकात ठेवण्याच्या उपयोगी पडतो. शाळेच्या संघातील मुलालाही शिक्षक हेच ऐकवतात, की नीट खेळला नाहीस तर तुझ्या जागी यायला पाच जण तयार आहेत. अशा रीतीने बाकावरचा मुलगा खेळत नाही आणि मैदानातला मुलगा निर्भयपणे खेळत नाही. ‘राखीव’ हा शब्द कुत्सितपणे उच्चारणारे पुष्कळ लोक दोन्ही ठिकाणी तेच असतात, हाही योगायोग म्हणता येणार नाही. जागा थोड्याच असाव्यात आणि त्या आपल्यालाच मिळाव्यात, ही त्यांची दोन्हीकडची इच्छा आहे.

याच्या शेजारी गल्लीतल्या खेळाची भाषा ठेवून पाहावी. महाराष्ट्राच्या कोणत्याही आळीत लहान भावंड खेळायला आले की मोठी मुले त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, त्याला बाद धरत नाहीत, पण तो खेळतो. तो सगळ्यांबरोबर धावतो, ओरडतो, पडतो आणि एक दिवस त्याचे कच्चेपण संपते. ते कधी संपले हे कोणी जाहीरही करीत नाही. कोणतीही समिती न नेमता मुलांनी शोधलेली ही शिक्षणपद्धती आहे. दुबळ्याला खेळात घेण्यासाठी नियम वाकवायचा, हे तिचे सूत्र. हाच लिंबू वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर ‘लिंबूटिंबू’ होऊन येतो, तेव्हा दुबळ्याला खेळाबाहेर काढण्याचे ते निमित्त बनते. ज्या शब्दाने मुले एकमेकांना सामावून घेत होती, त्याच शब्दाने मोठी माणसे मुलांना वगळू लागली. कबड्डीतही बाद झालेला गडी सहकाऱ्याने गुण मिळवला की जिवंत होऊन परत येतो. आपल्या देशी खेळांत परत येण्याची वाट ठेवलेली आहे. शाळांनी ती बुजवली आहे.

भाषेची ही चर्चा पोकळ वाटत असेल, तर जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे झालेला शालेय सामना आठवावा. एच. टी. भंडारी करंडकाच्या सोळा वर्षांखालील स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावांवर डाव सोडला. प्रतिस्पर्धी संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. एक डाव आणि १३८२ धावांनी सामना जिंकला गेला. रिक्षाचालक बापाच्या या मुलाचे कौतुक साऱ्या जगाने केले आणि ते योग्यच होते. दोन दिवस उन्हात उभे राहून एवढ्या धावा काढणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु मैदानात आणखी अकरा मुले होती. त्यांच्या शाळेचे मुख्य खेळाडू परीक्षेमुळे उपलब्ध नव्हते आणि ऐनवेळी वयाने बरीच लहान मुले उभी करण्यात आली, त्यांतील काहींना कातडी चेंडूची सवयही नव्हती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतच छापून आले होते. म्हणजे भरतीची मुले. दोन दिवस ती सीमारेषेपलीकडून चेंडू आणत राहिली. त्यांच्या शाळेने सामना सोडून दिला असता तर नाचक्की झाली असती. ती टाळण्याची किंमत या मुलांनी दिली. विक्रमाच्या बातमीत त्यांचा उल्लेख आला तो बहुधा विक्रमाचे मोल कमी करण्यासाठी, ‘समोर होतेच कोण’ असे म्हणण्यासाठी. त्यांना तेथे कोणी आणि का उभे केले, त्याआधी वर्षभरात त्यांना त्यांच्या वयाच्या, त्यांच्या ताकदीच्या मुलांशी खेळण्यासाठी किती सामने मिळाले होते, हा प्रश्न कोणाला सुचला नाही. आणि ज्याच्या नावावर विक्रम लागला त्या मुलाचे तरी काय झाले? मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला महिना दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याचा खेळ मंदावला आणि २०१७ मध्ये ती शिष्यवृत्ती थांबवावी असे त्याच्या वडिलांनीच कळवले. एका मुलाच्या खांद्यावर हजार धावांचे ओझे आणि अकरा मुलांच्या खांद्यावर चौदाशे धावांची नामुष्की, अशी त्या दोन दिवसांची वाटणी झाली.

गंमत अशी, की जो विक्रम त्या दिवशी मोडला तोही पहिल्या फळीचा नव्हता. १८९९ साली इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद ६२८ धावा केल्या, त्या शाळेतल्या दोन वसतिगृहांमधील कनिष्ठ मुलांच्या सामन्यात. एकशे सोळा वर्षे त्याचे नाव राहिले. तो कनिष्ठांचा सामना होता, हे मात्र लोकांच्या स्मरणात राहिले नाही. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साम्राज्याचे अधिकारी घडवणाऱ्या त्या शाळांत पहिल्या अकरांच्या मागे दुसरे अकरा, तिसरे अकरा, वसतिगृहांचे संघ आणि त्यांतील कनिष्ठांचे संघ असत आणि त्या प्रत्येकाला मैदान, वेळ आणि सामना मिळत असे. खेळाने चारित्र्य घडते असे त्या वर्गाला खरोखर वाटत होते, म्हणून आपल्या एकाही मुलाला त्याने खेळाबाहेर ठेवले नाही. तोच वर्ग येथे आला, तेव्हा येथील मुलांच्या हाती त्याने ढाली आणि करंडक दिले. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिसच्या नावाची ढाल आजही मुंबईच्या शाळा खेळतात. ढाल राहिली, विक्रमांचे वेड राहिले. प्रत्येक मुलाला सामना मिळण्याची ती व्यवस्था मात्र आपण घेतली नाही.

दुसऱ्या फळीविषयी ज्या स्फूर्तिकथा सांगितल्या जातात त्यांतही ती फळी पुसून टाकलेली असते. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याला शाळेने संघातून काढून टाकले होते आणि तरीही तो जगज्जेता झाला, ही कथा व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गांत हमखास ऐकवली जाते. खरी हकिकत वेगळी आहे. १९७८ मध्ये विल्मिंग्टन येथील लेनी हायस्कूलमध्ये शिकत असताना त्याची निवड शाळेच्या मुख्य संघात झाली नाही. त्याला दुय्यम संघात, तिकडे ज्याला ज्युनियर व्हर्सिटी म्हणतात त्यात, घातले गेले. त्या संघाला प्रशिक्षक होता, त्याचे स्वतंत्र सामने होते. जॉर्डन तेथे वर्षभर खेळला, भरपूर गुण मिळवले, अंगाने वाढला आणि पुढच्या वर्षी मुख्य संघात गेला. त्याला घडवण्यात त्या दुय्यम संघाचा वाटा होता. परंतु कथा सांगणाऱ्यांच्या लेखी दुसऱ्या संघात असणे म्हणजे संघातच नसणे, म्हणून ते सरळ ‘काढून टाकले’ असे म्हणतात.

सचिन तेंडुलकर आणि रमाकांत आचरेकर यांची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. शारदाश्रमाचा वरिष्ठ संघ वानखेडे मैदानावर हॅरिस शिल्डचा अंतिम सामना खेळत होता आणि कनिष्ठ संघातला सचिन टाळ्या वाजवायला तेथे गेला. आचरेकरांनी त्याची कानउघाडणी केली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असा खेळ, हा त्यांचा उपदेश कथेचे तात्पर्य म्हणून सांगितला जातो. त्यावरून प्रत्येक पालक आपल्या मुलाला पहिला ये म्हणून बजावतो. परंतु आचरेकर चिडले त्याचे कारण काय होते? त्यांनी त्याच दिवशी सचिनसाठी एक सामना ठरवलेला होता आणि तो सोडून मुलगा प्रेक्षकांत जाऊन बसला होता. तो खेळू शकला असता, म्हणून त्याला रागावता आले. आज राज्यातील बहुसंख्य शाळांत वरिष्ठ संघाच्या सामन्याला टाळ्या वाजवायला नेलेल्या मुलांना त्या दिवशी दुसरा कोणताही सामना नसतो. त्या वर्षातही नसतो. त्यांना आचरेकरांचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

फेब्रुवारी १९८८ मधील ६६४ धावांच्या त्या प्रसिद्ध भागीदारीच्या वेळी पॅड बांधून बसून राहिलेला पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार होता, हेही आज आवर्जून सांगितले जाते. तो पुढे मोठा खेळाडू झाला आणि २०२५ मध्ये भारतीय स्त्रियांच्या विश्वविजेत्या संघाचा प्रशिक्षक झाला, म्हणून त्याचे थांबणे इतिहासात गेले. जो पुढे कारकून झाला, वाहनचालक झाला, शेतकरी झाला, त्याच्या थांबण्याची कथा होत नाही. वस्तुतः शाळेचे काम त्याच्यासाठीच आहे. पहिल्या अकरांतील मुलगा शाळेने फार काही केले नाही तरी खेळतो. कोणाला निरोगी शरीर मिळावे, हार पचवण्याची सवय लागावी, सहकाऱ्यावर विसंबता यावे, यासाठी शाळेची खरी गरज असते ती एकशेअकराव्या मुलाला.

आता पैशाचे पाहू, कारण भाषेमागे अखेर पैसा उभा असतो. ‘खेलो इंडिया’ योजनेला सप्टेंबर २०१७ मध्ये नव्या रूपात मंजुरी देताना केंद्र सरकारने दरवर्षी एक हजार गुणी खेळाडू निवडून प्रत्येकाला आठ वर्षे, वर्षाला पाच लाख रुपयांची शिष्यवृत्ती देण्याचे जाहीर केले. दुसऱ्या बाजूला, २०१८ मध्ये आलेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत शासकीय शाळांना खेळाच्या साहित्यासाठी वार्षिक अनुदान ठरले ते असे : प्राथमिक शाळेस ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपये, माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेस २५,००० रुपयांपर्यंत. म्हणजे एका निवडलेल्या मुलाचे एक वर्ष बरोबर शंभर प्राथमिक शाळांचे एक वर्ष. निवडलेल्या मुलाचे पैसे काढून घ्या असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्या अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सीमांत उपयोगितेचा नियम शिकवला जातो, त्याच्या आधारे एवढे तरी विचारता येते, की पहिल्या संघाची दहावी बॅट आणि दुसऱ्या संघाची पहिली बॅट यांतील कोणत्या बॅटीवर खर्च झालेला रुपया समाजाला अधिक देतो?

याला उत्तर म्हणून वरून खाली झिरपण्याचा सिद्धान्त पुढे केला जातो. शाळेला करंडक मिळाला की साऱ्या शाळेला स्फूर्ती मिळते, असे संस्थाचालक सांगतात. संपत्ती वर साठली की आपोआप खाली झिरपते, या विचाराचीच ही मैदानावरची आवृत्ती आहे, आणि ती तितकीच खोटी आहे. करंडक मुख्याध्यापकांच्या कार्यालयातील काचेच्या कपाटात जातो, त्याचे छायाचित्र प्रवेशाच्या माहितीपत्रकावर छापले जाते आणि पुढच्या वर्षी शुल्क वाढते. मैदानाबाहेरचा मुलगा मैदानाबाहेरच राहतो.

कायद्यानेही या मुलाला दुय्यम मानले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे स्वच्छ लिहिले आहे. पण त्याच अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी जो माणूस नेमायचा तो अंशकालीन निदेशक आहे आणि तोही सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तरच. राखीव मुलांना शिकवायला राखीव शिक्षक, असा हा न्याय आहे. ज्याची स्वतःची नेमणूक दरवर्षी टांगणीला लागलेली, त्या निदेशकाने कोणत्या बळावर दुसरा आणि तिसरा संघ उभा करायचा? वरिष्ठांना दाखवण्यासाठी त्याला एक करंडक हवा असतो, म्हणून तो मूठभर मुलांवरच सारी मेहनत घेतो. दोष त्याचा नाही. खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची शाळांतील रीतही याच अनादरातून आली आहे. दहावीच्या वर्गाला तर मैदान खिडकीतून पाहण्यापुरतेच उरते.

या उतरंडीत खाली कोण असते, हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही. खाजगी प्रशिक्षण वर्गाचे शुल्क भरणारा मुलगा शाळेच्या निवडचाचणीला तयार होऊन येतो. पहाटे दूध टाकणारा मुलगा थकून येतो. ज्याच्या घरी पायात घालायला बूट आहेत तो निवडला जातो आणि पुढे शाळा त्यालाच बूट देते. याउपर, खेळातील प्रमाणपत्राला किंमत आली आहे. शालान्त परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सवलती चांगल्याच आहेत. परंतु त्यांच्यामुळे बारा जणांच्या यादीतली शेवटची दोन नावे वशिल्याने भरली जातात, ही तक्रार कोणत्याही तालुक्याच्या गावी ऐकू येते. गरिबाच्या मुलाचा बाकसुद्धा अशा प्रकारे पळवला जातो.

मुलींची स्थिती तर अशी, की त्यांचा पहिला संघ हाच शाळेचा दुसरा संघ समजला जातो. मुलांचा सराव संपला की मैदान त्यांचे, आणि तोवर अंधार पडू लागतो म्हणून त्यांनी घरी जायचे. भारतातील स्त्रियांचे क्रिकेट २००६ पर्यंत नियामक मंडळाच्या कक्षेतही नव्हते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ज्या शाळांनी आपल्या मुलींना एक चेंडू दिला नव्हता त्यांनीही मिठाई वाटली. त्या विजयाचा खरा अर्थ असा, की ज्यांना दीर्घकाळ लिंबूटिंबू म्हटले गेले त्यांना सामने मिळू लागले, सरावाला मैदान मिळाले, मानधन मिळाले आणि वीस वर्षांच्या आत त्या जगज्जेत्या झाल्या. गुण तेव्हाही होता. त्याला मैदान नव्हते.

गुणवत्तावाद्यांचा आक्षेप येथे येणारच. निवड गुणांवरच झाली पाहिजे, नाही तर खेळाचा दर्जा घसरेल, असे ते म्हणतील. पहिला संघ गुणांवर निवडा, याला कोणाचाच विरोध नाही. प्रश्न आहे तो बारा-तेराव्या वर्षी ज्याला गुण म्हटले जाते ते काय असते याचा. या वयात काही महिन्यांच्या अंतराने मुलांच्या उंचीत आणि बळात मोठा फरक पडतो. वयोगटाची तारीख उलटल्यावर लगेच जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या शेवटच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. शिक्षक त्याला गुणी समजून निवडतो. प्रत्यक्षात निवडतो ती जन्मतारीख. मग निवडलेल्याला सराव मिळतो, न निवडलेल्याला मिळत नाही, आणि दोन वर्षांनी दोघांत खरोखरच अंतर पडते. ते अंतर दाखवून आधीची निवड बरोबर होती असे म्हटले जाते. वर्णव्यवस्थेचे समर्थनही शतकानुशतके याच पद्धतीने केले गेले : आधी शिक्षण नाकारायचे आणि मग अज्ञानाकडे बोट दाखवायचे.

दुसरा आक्षेप साधनांचा. शहरांत मैदाने नाहीत, शाळांकडे पैसा नाही, हे खरेच आहे. परंतु दुसऱ्या कबड्डी संघाला काय लागते? आखलेली जमीन, एक शिट्टी आणि आठवड्यातील दोन तास. खो-खोला त्यापलीकडे दोन खांब. शेजारच्या शाळेचा दुसरा संघ दुसऱ्या शनिवारी आला की सामना झाला. हे होत नाही याचे कारण साधनांच्या टंचाईत शोधण्यात अर्थ नाही. असा सामना कोणाच्या मोजमापात बसत नाही, त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, त्याची बातमी येत नाही, म्हणून तो होत नाही.

तिसरे लोक सुसंस्कृत असतात. ते म्हणतात, शब्द दुखावणारे असतील तर बदलू. ‘ब’ संघाला एखाद्या थोर पुरुषाचे नाव देऊ, लिंबूटिंबूंना ‘उदयोन्मुख’ म्हणू. नावे बदलून वाटणी बदलत असती तर या देशातील दारिद्र्य कधीच संपले असते. उदयोन्मुख मुलगा फक्कीच मारत राहिला, तर त्याला दोन महिन्यांत नव्या नावाचा अर्थ कळतो. उलट दुसऱ्या संघाला स्वतःचे वेळापत्रक, स्वतःचा कर्णधार आणि बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळाले, तर ‘ब’ हे अक्षर कोणाला बोचणार नाही. त्या सामन्यांत हारजीत असावी, चुरस असावी. बरोबरीच्या मुलांशी हरण्यात अपमान नसतो. अपमान कल्याणच्या मैदानावर झाला, कारण तेथे बरोबरी नव्हती.

राहिला प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांचा. भाकरी, रोजगार, पाणी यांचे प्रश्न उभे असताना शाळेच्या दुसऱ्या संघाची चर्चा हा रिकामटेकडेपणा आहे, असे त्यांतील काहींना वाटेल. पक्षसंघटनेत मात्र ‘दुसरी फळी उभी राहिली नाही’ ही खंत प्रत्येक शिबिरात व्यक्त होते. तेथे दुसरी फळी म्हणजे उद्याचा आधार, असे सर्वांना मान्य असते. तीच दृष्टी शाळेच्या अंगणात का असू नये? माणसे दोन प्रकारची असतात, मोजली जाणारी आणि राखून ठेवलेली, हा धडा मूल कारखान्यात जाऊन शिकत नाही. ते तो दहाव्या वर्षी फलकावरची रेघ पाहून शिकते. ज्याने तो तेथे मुकाट्याने गिरवला, त्याला पुढे कंत्राटी कामगार म्हणून उभे केले तरी आश्चर्य वाटत नाही. आणि रेघेच्या वर ज्याचे नाव असते त्याच्याही मनात, खालच्यांनी आपले पाणी आणावे हा नैसर्गिक क्रम आहे, अशी समजूत रुजते.

यावर करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समित्यांत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समित्यांच्या बैठकांत कार्यकर्त्यांनी तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. शाळेतील किती मुलांनी आणि किती मुलींनी या वर्षी एकतरी सामना प्रत्यक्ष खेळला? खेळाच्या साहित्याचे अनुदान आले का, आणि ते साहित्य कोणाच्या हाती पडले? खेळाचा तास किती वेळा दुसऱ्या विषयाला गेला? पहिल्या प्रश्नाचा आकडा फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. त्याच्या जोडीला, तालुक्याच्या स्पर्धांत दुसऱ्या संघांची स्वतंत्र फेरी असावी, अंशकालीन निदेशकांना पूर्णवेळ नेमणूक मिळावी आणि राखीव म्हणून नेलेल्या प्रत्येक मुलाला त्या स्पर्धेत काही काळ तरी मैदानात उतरवणे बंधनकारक व्हावे, या मागण्या जिल्हा परिषदेपासून विधिमंडळापर्यंत नेता येतील.

शाळेने किती करंडक जिंकले यावरून तिची किंमत ठरवण्याची सवय समाजाला लागली आहे. ती मोडायची तर मोजमाप बदलले पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात यादी लागेल तेव्हा रेघेखालच्या मुलांचा सामना कोणत्या तारखेला आहे, हे प्रत्येक शाळेला विचारले गेले पाहिजे. तारीख सांगता आली नाही, तर त्या शाळेच्या कपाटातील करंडकांचा गौरव करण्याचे कारण नाही.